करडीचं फूल

(शारदीय व्याख्यानमालेत नांदेड येथे, घट बसल्यानंतर तिसऱ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परवा आपल्या घरोघर घट बसले. पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरायची, घरात असेल ते रब्बीचं बियाणं तिच्यात मिसळायचं, मधोमध नवा कोरा घट पाण्यानं भरून ठेवायचा. कोरं मडकं पाझरतं आणि माती न भिजवता भिजत राहते. आज तिसरा दिवस, म्हणजे तुमच्याकडं दाण्यांना मोड दिसत असतील. नवव्या दिवशी देवघराच्या अंधारात वाढलेलं पिवळट धान वीतभर होईल आणि दसऱ्याला टोपीत, फेट्यात खोचलं जाईल.

माझी आजी नवव्या दिवशी त्या घटापाशी वाकून बसायची. ज्वारी कशी आली, हरभरा कुठं कमी पडला, जवस कसं आहे, बोटानं धान बाजूला करून बघायची. मग म्हणायची, "औंदा करडी भारी आली." पुढं शिकून वनस्पतिशास्त्राचा मास्तर झालो, तेव्हा कळलं की ती बियाण्याची उगवण तपासत होती. प्रयोगशाळेत आम्ही ओल्या कागदात शंभर दाणे मोजून ठेवायचो, ती पत्रावळीत ठेवायची. तिच्या पद्धतीत आकडा नव्हता एवढंच. पण खराब बियाणं घटात उघडं पडायचं, आणि तेही पेरणीच्या आधी. पेरणी झाल्यावर ते उघडं पडून काय उपयोग?

संयोजकांनी मला विषय दिला होता औषधी वनस्पतींच्या लागवडीचा. मी त्यातली एकच वनस्पती घेऊन आलोय. अश्वगंधा नाही, शतावरी नाही. सफेद मुसळीचं नाव तर या भागात काढायला नको. मुसळीच्या लाटेत हात पोळलेली माणसं या सभागृहातही असतील. आपल्याकडं औषधी पीक म्हटलं की ते बाहेरून यायला लागतं. कुणीतरी रोपं विकतो, परत विकत घेण्याचा करार करतो, आणि पीक काढायच्या वेळेला त्याचा फोन लागत नाही. मी ज्या औषधी फुलाबद्दल बोलणार आहे, त्याचं बियाणं तुमच्या नाही तर शेजाऱ्याच्या कणगीत असतं. करडई. आपल्या तोंडी करडी.

मागं कुणीतरी हसलं. हसू द्या. करडईचं तेल सगळ्यांना माहीत आहे, काटे माहीत आहेत, फुलाकडं मात्र आपण कधी नीट बघितलं नाही. आणि नांदेड-लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांना तर हे न बघणं शोभतच नाही. देगलूर ओलांडून तेलंगणात गेलात की याच पिकाला 'कुसुमा' म्हणतात. उदगीर, निलंग्यावरून बिदरकडं उतरलात की 'कुसुबे'. दोन्हीकडं संस्कृतातला 'कुसुंभ' शाबूत आहे. मराठीनं पिकाचं नाव बदलून करडई केलं आणि कुसुंभ फक्त रंगापुरता ठेवला. कुसुंबी रंग म्हणतो तो आपण, पण तो कशापासून निघायचा हे विचारलं तर शंभरातले नव्वद गप्प बसतील. तो याच फुलातून निघायचा. भाषेनं फुलाची आठवण ठेवली, आपण विसरलो.

फूल बघितलं ते मी कसं, तेही सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका तीर्थक्षेत्री गेलो होतो. देवळाबाहेर केशराच्या छोट्या डब्या विकायला होत्या, आणि स्वस्त होत्या. खरं म्हणजे तिथंच शहाणा व्हायला हवं होतं. घरी शिऱ्यात घातलं, शिरा पिवळाधमक झाला, वास मात्र शून्य. मास्तराची खोड जात नाही; उरलेलं केशर भिंगाखाली धरलं. केशराची काडी म्हणजे फुलाची कुक्षी, टोकाला कर्ण्यासारखी रुंद होणारी. माझ्या डबीत बारीक नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीच्या तोंडाला पाच दात. करडई! औसा तालुक्यातल्या आमच्या वावरात जानेवारीत जी वाळून मातीत पडते, तीच मी केशराच्या दरानं विकत आणली होती.

त्या नळ्यांनी एक गोष्ट शिकवली. आपण जिला करडईची पाकळी म्हणतो, ती पाकळी नसतेच. ते एक अख्खं फूल असतं. करडई सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्या कुळातली. आपल्याला जे एक बोंड दिसतं, ते अशा डझनावारी बारक्या फुलांचा गुच्छ असतो, आणि प्रत्येक बारक्या फुलाच्या तळाशी एक दाणा धरतो. फूल उमलताना पिवळं असतं, मग नारिंगी होतं, आणि फळधारणा होऊन कोमेजायला लागलं की लालसर. त्या लाल टप्प्यावर त्याचं दाण्याशी असलेलं काम संपलेलं असतं. म्हणून तेव्हा ते उपटून घेतलं तरी खाली दाणा भरतच राहतो. तेलही मिळतं आणि फूलही. असं दुहेरी देणारं पीक माझ्या माहितीत फार नाही.

आता बियाण्याकडं येऊ. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण करडईचं नशीब पेरणीच्या पंधरवड्यात ठरतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ही कोरडवाहू करडईची वेळ. पंचांगाच्या भाषेत हस्त नक्षत्र. त्याआधी पेरली तर परतीच्या पावसात सापडते. करडईला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. दोन दिवस पाणी तुंबलं की मुळं कुजतात, पानावर ठिपके येतात. उशिरा पेरली तर वरची ओल उडालेली असते, थंडीत वाढ रेंगाळते आणि नेमकी कोवळी असताना मावा बसतो. घरात घट आणि रानात तिफण एकाच वेळी चालायची, ती काही उगाच नाही.

आणि हीच वेळ आज अडचणीची झाली आहे. लातूर जिल्हा सोयाबीनचा झाला, नांदेडही त्याच वाटेवर गेला. सोयाबीन रानातून निघतं तेच ऑक्टोबरात, कधी दसऱ्यानंतर. मग मळणी, मग रान तयार करायचं. तोवर करडईची तारीख गेलेली असते आणि माणूस सरळ हरभरा टाकतो. लोक म्हणतात काट्यांमुळं करडी गेली, मजूर मिळेना म्हणून गेली, बाहेरून स्वस्त तेल आलं म्हणून गेली. ही कारणं खरी आहेत. पण मला वाटतं, सगळ्यात आधी तिची तारीख गेली. ज्यांच्याकडं मुगाचं नाही तर उडदाचं रान आहे, त्यांना हे कोडं पडत नाही. मूग-उडीद सप्टेंबरच्या आत निघतात, रान मोकळं होतं, आणि डाळवर्गाच्या मुळांनी जमीन थोडी सुधारलेलीही असते. तुमच्याकडं असा एक तुकडा असेल तर तो करडईचा समजा.

बियाणं एकरी चार ते पाच किलो. आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायचं, सकाळी सावलीत सुकवून पेरायचं. करडईच्या दाण्याचं कवच जाड, पांढरं, गुळगुळीत असतं. रात्रभरात ते पाणी पितं आणि उगवण लवकर, एकसारखी होते. बीजप्रक्रिया करायची ती दाणे सुकवल्यावर, पेरण्याच्या आधी. त्याहीआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आठवडाभर ठेवा. ऐंशीच्या वर मोड आले तर बेधडक पेरा. साठाच्या आसपासच आले तर बियाणं बदला, जास्तीचं टाकून भागवू नका. कमजोर दाण्याचा मोड वर येईपर्यंत माती सुकते.

दोन ओळींत 45 सेंटिमीटर, म्हणजे अठरा इंची तिफण. दोन रोपांत 20 सेंटिमीटर. हिशेब केला तर एकरात साधारण 45 हजार झाडं बसतात. दाणा पाच सेंटिमीटर खोल, ओलीत पडला पाहिजे. वरवर पडला तर मुंग्यांचा आणि पाखरांचा.

आठवड्याभरात दोन जाड, मांसल दलं वर येतात. मग महिनाभर झाड काहीच करत नाही असं वाटतं. जमिनीलगत पानांचा गोल घेर धरून बसून राहतं. शेजारचा हरभरा वाढतो, ज्वारी वाढते, करडई ढिम्म. नवखा माणूस घाबरून युरिया टाकतो. टाकू नका. ती तेव्हा खाली चालली आहे. तिचं सोटमूळ दोन मीटरच्या खाली जाऊ शकतं. काळ्या रानात वरचा थर भेगाळला तरी खालच्या ओलीवर ती जगते. 2016च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण कुणी विसरलेलो नाही. त्या जिल्ह्यात पाण्याची मागणी न करता रब्बी काढून देणारं पीक मागं पडावं, याची मला खंत वाटते.

पेरणीनंतर दहा-पंधरा दिवसांनी विरळणी. एका ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवायचं. हे काम बायका आनंदानं करतात, कारण उपटलेली रोपं घरी येतात. करडईची कोवळी भाजी, लसणाची फोडणी, भिजवलेली मुगाची डाळ आणि ज्वारीची भाकरी. शहरातल्या मंडईत ती महिनाभर दिसते आणि नाहीशी होते, कारण पानाला काटे फुटले की भाजी संपली. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, आणखी काय बोलणार!

पुढं दोन कोळपण्या द्या. कोळप्यानं भेगा बुजतात, ओल टिकते. मावा पहिल्यांदा बांधाकडच्या झाडांवर, शेंड्याला दिसतो. तेव्हाच ते शेंडे खुडून गाडले तर आत शिरत नाही. पुढंही दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क. एक मात्र सांगून ठेवतो. ज्या रानातलं फूल प्यायचं आहे, त्या रानात मावा मारायची विषारी औषधं फवारायची नाहीत. एका हातानं विष आणि दुसऱ्या हातानं औषध, असा धंदा करू नका.

आता काटे. आमच्याकडं ज्वारीच्या तिफणीमागं आजी सरतं धरून करडीचे तास टाकायची, आणि रानाच्या कडेनं करडीच असायची, कारण काट्यांना भिऊन जनावर आत शिरत नाही. काढणीला हातापायांना फडकी गुंडाळून, पहाटे अंधारात निघायचं. "येरवाळी चल लेकरा, ऊन पडलं की काटा जागा होतो," असं ती म्हणायची. दव पडलेलं असताना काटे मऊ असतात, हे शास्त्र तिला तिच्या हातांनी शिकवलं होतं. ओल्या कडपांवर दगड ठेवून ती वाळवायची, मग काठीनं बडवायची.

या काट्यांवर मात करायचं काम महाराष्ट्रातच झालं, याचा उल्लेख केला पाहिजे. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली फलटणला सुरू केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी-6' हा बिनकाट्यांचा वाण दिला, बिनकाट्यांचा संकरही दिला. नंदिनी निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलांकडंही लक्ष दिलं. पाठीवर अडकवून बोंडावरच्या पाकळ्या ओढून घेणारं यंत्रसुद्धा त्या संस्थेत तयार झालं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात करडई संशोधनाचा समन्वित प्रकल्प जुना आहे. शारदा, परभणी कुसुम, पूर्णा हे वाण तिथले. मराठवाड्याच्या रानाला मानवणारे आहेत. माझा सल्ला असा की दोन्ही पेरा. बांधाकडचे चार तास काटेरी, आत फुलासाठी बिनकाट्यांची. रानडुकरांचा आणि हरणांचा त्रास वाढल्यापासून आमच्या भागात कडेच्या काटेरी करडईची किंमत लोकांना पुन्हा कळू लागली आहे. सगळेच काटे काढून टाकले तर राखण कोण करणार?

फूल साधारण जानेवारीत येतं. मधलं बोंड आधी, मग फांद्यांवरची. त्यामुळं वेचणी एका दिवसाची नसते, तीन-चार आठवडे दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी लागते. पिवळं फूल सोडायचं, लाल झालेलं चिमटीत धरून वर ओढायचं. सहज निघून आलं तर तयार. ओढाताण करावी लागली तर अजून दोन दिवस थांबा. वेचलेलं फूल सावलीत, पातळ पसरून वाळवायचं. उन्हात रंग उडतो, आणि रंग उडाला की गिऱ्हाईकही उडालं. डबा हवाबंद हवा.

यात पैसा किती, असा प्रश्न येणारच. सरळ सांगतो. दिवसभर वेचून वाळल्यावर हातात जे उरतं ते अतिशय हलकं असतं. सगळं मजुरीनं करायचं म्हटलं तर गणित बसणं अवघड आहे. घरची दोन माणसं, अर्धा एकर, आणि ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर बसतं. मी कुणालाही दहा एकर करडई फुलासाठी लावा असं सांगणार नाही. तेलाचं पीक म्हणून लावा. फूल हा त्यावरचा जोड समजा. गावात लाकडी घाणा असेल तर आणखी बरं.

आता औषधाचा भाग. या विषयावर बोलताना लोक फार मोठ्या गोष्टी करतात, मी थोडक्यात करतो. चीनमध्ये हे फूल 'होंगहुआ' म्हणून, म्हणजे लाल फूल म्हणून, शेकडो वर्षं काढ्यात वापरतात. रक्ताभिसरणासाठी आणि पाळीच्या तक्रारींसाठी. जपानच्या यामागाता प्रांताचं ते मानाचं फूल आहे. तिथं आधी पाण्यानं धुऊन त्यातला पिवळा रंग काढून टाकतात, मग क्षाराच्या पाण्यात लाल रंग उतरवतात, आणि तो ओठांच्या लालीसाठी वापरला गेला. आपण गरम पाण्यात चिमूटभर फूल टाकतो तेव्हा पाण्यात उतरतो तो मुख्यतः पिवळा. चव सौम्य, थोडी गवतासारखी. मी रोज एक कप घेतो, मला आवडतो. त्यानं माझा कुठलाही आजार बरा झाला असा माझा दावा नाही.

आपल्याकडं मात्र एक गंमत आहे. करडईच्या तेलाची जाहिरात करताना काही जण आयुर्वेदाचा हवाला देतात. त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंचविसावा अध्याय वाचलेला नसावा. तिथं हितकर आणि अहितकर पदार्थांची यादी आहे. वनस्पतींच्या तेलांत सगळ्यात हितकर तीळतेल, आणि सगळ्यात अहितकर म्हणून नाव आहे ते कुसुंभाच्या तेलाचं! आजचं रसायनशास्त्र सांगतं की या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, म्हणून हृदयाच्या दृष्टीनं त्याचं कौतुक झालं. दोघांपैकी कुणाचं खरं, याचा निवाडा मी या व्यासपीठावरून करणार नाही. पण चरकाचं नाव घ्यायचं असेल तर चरक काय म्हणतो ते वाचून घ्यावं. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच तेल खाल्लं आणि आजी नव्वदी ओलांडून गेली. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती उन्हात राबायचीही.

सावधगिरीचं मात्र स्पष्ट सांगतो. गरोदर बाईनं हा चहा घ्यायचा नाही. जे फूल पाळी आणण्यासाठी वापरलं जातं, ते गरोदरपणात पोटात जाऊ नये हे उघड आहे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू असतील, शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ज्यांना गाजरगवतानं अंगावर चट्टे उठतात त्यांनी जपून राहावं. गाजरगवत याच कुळातलं आहे. नात्यातली माणसं कधी कधी सारखीच वागतात.

शेत नसलेल्यांसाठी एवढंच. गच्चीवर करडई येते, पण रोप करून हलवायची नाही. सोटमूळ दुखावलं की झाड बसतं. बी थेट लावा. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा घ्या, बुडाला पाच-सहा भोकं पाडा, काळी माती, थोडी वाळू आणि शेणखत भरा, भिजवलेले तीन दाणे बोटाच्या दोन पेरांएवढे खोल टोचा. उगवल्यावर एक ठेवा, दोन खुडून भाजीत टाका. पाणी माती सुकल्यावरच. जानेवारीत एका डब्यातून दोन-चार कप चहापुरतं फूल मिळेल. आणि मधमाश्या येतील, त्या वेगळ्या.

बाहेर पडताना दाराशी एक टोपली ठेवलेली आहे. त्यात दहा-दहा दाण्यांच्या कागदी पुड्या आहेत, आमच्या वावरातल्याच करडीच्या, बीजप्रक्रिया न केलेल्या. घटात टाकायला उशीर झालाय, पण हस्त अजून हातात आहे. प्रत्येक पुडीवर दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. पहिल्या रेघेवर पेरल्याची तारीख लिहा, दुसरीवर पहिलं पिवळं फूल दिसल्याची. पुढच्या वर्षी व्याख्यानमालेला याल तेव्हा त्या पुड्या बरोबर आणा. मला सगळ्या बघायच्या आहेत.